कोल्हापुरातील एफएम केंद्राची गाणी बदलताना आधी घड्याळ मांडावे

खासगी एफएम केंद्राने नव्या हिंदी गाण्यांवरून जुन्या हिंदी-मराठी गाण्यांकडे वळायचे ठरवले, की चर्चा बहुधा कोणती गाणी घ्यायची यावरच अडकते. माझा आग्रह असा, की यादीला हात लावण्यापूर्वी तासाचे घड्याळ, म्हणजे साठ मिनिटांत काय केव्हा वाजेल याचा आराखडा, कागदावर मांडावा.

त्याहीआधी श्रोता पाहावा. रेडिओचे श्रोते मोजणारी 'रॅम' ही पद्धत दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि बंगळूरुपुरतीच होती. येथे आकडे आयते मिळत नाहीत. म्हणून शिवाजी उद्यमनगरातील कारखाने, राजारामपुरीतील दुकाने आणि रिक्षाथांबे यांवर आठवडाभर निरनिराळ्या वेळी फिरून कोठे कोणते केंद्र लागले आहे, हे वहीत टिपावे. त्याच फेरीत गाण्याच्या मुखड्याचा आठ-दहा सेकंदांचा तुकडा मोबाइलवर ऐकवून तीन प्रश्न विचारावेत : ओळखीचे आहे का, आवडते का आणि ऐकून कंटाळा आला आहे का. समोरचा भिडेखातर "छान आहे" म्हणतो, पण तिसऱ्या प्रश्नाला बहुधा खरे उत्तर देतो.

आता घड्याळ. तासातील १२ मिनिटे जाहिरातींना आणि सुमारे ६ मिनिटे निवेदकाला दिली, तर ४२ मिनिटे उरतात. त्यांत सरासरी चार मिनिटांची दहा गाणी बसतात. यांपैकी चार जागा सर्वाधिक पसंतीच्या गाण्यांसाठी राखल्या आणि अशी २४ गाणी निवडली, तर प्रत्येक गाणे सहा तासांनी परत येते. केंद्र चोवीस तास चालते आणि २४ ला ६ ने पूर्ण भाग जातो. त्यामुळे आज सकाळी आठला वाजलेले गाणे उद्याही आठलाच वाजते, आणि ठरलेल्या वेळी दुकान उघडणाऱ्या माणसाला केंद्राकडे चारच गाणी आहेत असे वाटू लागते. यादी २० गाण्यांची केली, की फेरा पाच तासांचा होतो आणि गाण्याची वेळ रोज सरकते. मात्र १२ पर्यंत खाली येऊ नये. आठ तासांच्या पाळीत लेथवर उभ्या कामगाराला तेच गाणे दोन-तीनदा ऐकावे लागते. संगणकातील प्रणाली हा क्रम लावून देते, पण आकडे आपणच भरलेले असतात.

कॉपीराइट कायद्यातील '३१ ड' हे कलम २०१२ च्या दुरुस्तीने आले. त्यानुसार प्रसारकाला आधी नोटीस देऊन आणि ठरलेली रॉयल्टी भरून प्रकाशित गाणी वाजवता येतात. मराठी गाणी वाढवताना त्यांचे हक्क कोणाकडे आहेत, हे लेखा विभागाला आधीच विचारावे.

बदल एका रात्रीत करू नये. प्रथम दुपारी ११ ते ४ हा वेळ घ्यावा. सकाळ शेवटी, कारण श्रोत्यांच्या सवयी आणि महागड्या जाहिराती तेथेच असतात. जिंगल मात्र गाण्यांबरोबर त्याच दिवशी बदलावी, नाहीतर "नव्याकोऱ्या गाण्यांचा धमाका" असे ओरडून लगेच पन्नास वर्षांपूर्वीचे गाणे लागते. मोठ्या जाहिरातदारांना आठवडाभर आधी स्वतः जाऊन भेटावे. बदल त्यांनी प्रथम रेडिओवर ऐकला, तर समजूत काढणे अवघड होते.

सहा आठवड्यांनी तीच वही घेऊन पुन्हा उद्यमनगरात जावे. ज्या गाण्यांचा कंटाळा आल्याचे कळेल, ती महिनाभर बाजूला ठेवावीत. संगणकातून काढून टाकू नयेत.