वळीव झाला का? मग आज रात्रीच बोरी-बाभळी हलवा

माढा, पंढरपूर, माळशिरस भागातल्या ऊसवाल्यांनो, वळीव झाला असेल तर आज रात्री घरी बसू नका. हुमणीचे, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे वर्षातनं एकदाच जमिनीतनं वर येतात ते ह्याच पावसाला, अंधार पडला की साडेसात-आठला बांधावरच्या बोरी, बाभळी, कडुनिंबावर पाला खायला जमतात आणि उजाडायच्या आत परत मातीत. मागच्या वर्षी आम्ही बोरीखाली ताडपत्री अंथरून फांद्या हलवल्या तर टपाटपा पडले, तपकिरी, उताणे, पाय हलवत. वेचायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाकायचे, बस. एक मादी 50-60 अंडी घालते, हिशोब तुम्हीच करा. पण एकट्याने करून भागत नाही, शेजारच्या बांधावरचा भुंगेरा तुमच्याच उसात येणार, म्हणून सगळ्या वस्तीने एकाच रात्री निघा. ही वेळ गेली की अळी मुळाशी, ऑगस्ट-सप्टेंबरात ऊस पिवळा पडतो, बेट ओढलं तर अलगद हातात येतं आणि तिथवर औषध पोचवायचं म्हणजे पैसा मातीत.

घाटेअळीचं, म्हणजे तुरीच्या शेंगा आणि हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या अळीचं, उलटंय. हुमणी मातीत दडून टिकते, वर्षाला एकच पिढी. घाटेअळी टिकते ती घाईनं, महिना-सव्वा महिन्यात पिढी पुरी, तूर संपली की हरभरा, नाहीतर टोमॅटो, आणि तेच तेच औषध मारत राहिलात तर तिला ते लागू पडायचं बंद होतं. म्हणून हिच्यासाठी नुसती रात्रीची वेचणी पुरत नाही, नजर ठेवायला लागते.

बार्शी, अक्कलकोटच्या तूरवाल्यांनी आत्ता एवढंच करा, पेरताना तुरीच्या बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळा. कणसावर पक्षी बसतात आणि अळ्या टिपतात. कळी लागायला आली की हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, सलग 2-3 रात्री एका सापळ्यात 8-10 पतंग दिसले तर अळी बारीक असतानाच एचएनपीव्ही (घाटेअळीला रोग लावणाऱ्या विषाणूचं औषध) संध्याकाळी मारा, उन्हात तो विषाणू टिकत नाही. डोकं शेंगेत आणि निम्मं अंग बाहेर अशी मोठी अळी दिसायला लागली म्हणजे उशीर झालाय.

आणि ज्यांच्याकडे अजून पाऊस नाही, नांगरट पण राहिलीय, त्यांनी ती आधी उरका, दिवसाउजेडी. भुंगेरे काय, घाटेअळीचे कोष काय, दोन्ही मातीतच असतात, वर आले की नांगरामागचे बगळे सोडत नाहीत.