स्पर्धक कंपनीत गेलात म्हणून जुन्या कंपनीची नोटीस आली तर काय करायचं

माझ्या मावसभावाकडे एक दिवस स्पीड पोस्टाने जाडजूड पाकीट आलं, घरी फक्त मावशी होती, तिने सही करून घेतलं, उघडलं आणि पहिल्याच पानावर "पंचवीस लाख" आणि "फौजदारी कारवाई" एवढंच वाचून मला फोन केला, की अरे ह्याला पोलीस धरून नेणार का. भाऊ भोसरीत एका कोटिंगवाल्याकडे सहा वर्षं होता, राजीनामा दिला, नोटीस पिरियड पूर्ण केला आणि चाकणला तसल्याच दुसऱ्या कंपनीत लागला, बस. अपॉइंटमेंट लेटरमध्ये कलम होतं की सोडल्यावर दोन वर्षं कुठल्याही स्पर्धकाकडे काम करणार नाही, आणि खाली ह्याची सही. जॉइनिंगच्या दिवशी तेवढी पानं कोण वाचतं, एचआरवाली बोट ठेवेल तिथे आपण सही करतो.

मी वकील नाही, नोटिसीला उत्तर वकिलाकडूनच द्या. पण वकिलाकडे जाताना कागद हातात आणि डोकं ठिकाणावर असावं म्हणून हे लिहितोय.

पहिलं काम, जुनं अपॉइंटमेंट लेटर काढा आणि नोटीस नक्की कुठल्या कलमावर आलीय ते बघा. एकाच पानावर चार वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात: नोकरीत असताना दुसरं काम नको, बाँडची मुदत (म्हणजे ठरलेली वर्षं सोडायचं नाही, सोडलं तर पैसे भरा), सोडल्यानंतरची बंदी, आणि गोपनीयता. आपण घाबरतो तिसऱ्याला, आणि खरं तर त्यातच दम सगळ्यात कमी.

१८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ सांगतं की कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून कुणालाही अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. धंदा गुडविलसकट (म्हणजे नाव-लौकिकासकट) विकणाऱ्याला अपवाद आहे, नोकरदाराचा त्याच्याशी संबंध नाही. (गंमत म्हणजे कॅलिफोर्नियाचा असाच कायदा पण १८७२ चाच, दोन्हींचं मूळ न्यूयॉर्कच्या डेव्हिड डडली फील्ड ह्या वकिलाच्या मसुद्यात. म्हणून बे एरियातल्या आपल्या लोकांना तोच दिलासा आहे, टेक्सास-फ्लोरिडावाल्यांनी मात्र ह्याच्यावर विसंबू नये, तिथे वेगळं आहे.) झहीर खानचं प्रकरण बघा, परसेप्ट डी'मार्क ह्या एजन्सीबरोबरचा त्याचा करार २००३ ला संपला, पण त्यात कलम होतं की दुसऱ्याकडे जायच्या आधी तीच ऑफर आम्हाला द्यायची. २००६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, करार संपला की असलं बंधन पुढे चालत नाही.

आता लगेच उड्या मारू नका, कारण मुदतीच्या आत सोडणाऱ्याची गोष्ट वेगळी. निरंजन गोलिकरी कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये टायर कॉर्डच्या (टायरमधल्या धाग्याच्या) प्लांटला शिफ्ट सुपरवायझर होते, पाच वर्षांचा करार, तंत्रज्ञान कंपनीने परदेशातून गुप्त ठेवायच्या अटीवर आणलेलं, गोलिकरी ट्रेनिंग घेऊन मुदत संपायच्या आत जास्त पगारावर कोट्याच्या राजस्थान रेयॉनला गेले. १९६७ ला सुप्रीम कोर्टाने कंपनीची बाजू घेतली, की करार चालू असतानाचं बंधन चालतं. म्हणून नोटीस पिरियड अर्धवट टाकून पळू नका आणि शेवटच्या दिवसाच्या आधी नव्या कंपनीसाठी एक मेलसुद्धा पाठवू नका.

बाँडचंही तेच, "बाँड कोर्टात टिकत नाही" हे कँटीनमधलं ज्ञान आता सोडा. विजया बँकेने तीन वर्षांच्या आत सोडणाऱ्याकडून दोन लाख घ्यायची अट घातली होती, एका मॅनेजरने ते निषेध नोंदवून भरले आणि कोर्टात गेला, हायकोर्टात जिंकला पण मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बँकेच्या बाजूने निकाल दिला. ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च, जाहिरात वगैरे मुद्दे होते, पण वारा कुठल्या दिशेला आहे ते कळतं. रक्कम अव्वाच्या सव्वा असेल तर त्याच करार कायद्याचं कलम ७४ आहे, कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं.

आता खरी दुखरी नस. नोटिसीच्या मागे भावाच्या केसमध्ये एक पान जोडलेलं होतं, आयटीवाल्यांच्या लॉगची प्रिंट, तारीख, वेळ रात्री पावणेअकरा, फाइलचं नाव आणि समोर भावाचा स्वतःचा जीमेल. झालं असं होतं की आठ महिन्यांपूर्वी घरून व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कला जोडायची सोय) लागत नव्हतं म्हणून ह्याने बॅचच्या प्रमाणांची एक्सेल शीट स्वतःला मेल केली, काम केलं आणि विसरून गेला. पंचवीस लाखांचा सगळा डोलारा त्या एका ओळीवर.

ट्रेड सिक्रेटचा, म्हणजे धंद्यातल्या गुपितांचा, वेगळा कायदा आपल्याकडे नाही, लॉ कमिशनने मार्च २०२४ मध्ये २८९ व्या अहवालात तो करावा म्हणून मसुदा दिलाय. पण म्हणून मोकळं रान नाही, गोपनीयतेचं कलम नोकरी सुटल्यावरही लागू राहतं, आणि आयटी कायद्याची ४३ आणि ६६ ही कलमं आहेत, परवानगीशिवाय डेटा बदनियतीने उतरवून घेतला तर तीन वर्षांपर्यंत कैद. तुमच्या हातातलं कसब तुमचं, दहा वर्षांत कुठला रंग कुठल्या तापमानाला सुटतो हे कळलं ते तुमचंच, पण ती शीट कंपनीची.

भावाने पहिल्यांदा काय केलं असतं? डिलीट. बोट माउसवरच होतं. वकीलबाई म्हणाल्या खबरदार, आत्ता पुसलं तर पुरावा नष्ट केला म्हणतील, उघडूही नका, कुणाला फॉरवर्डही नको. उत्तरात सरळ लिहिलं की मेल कामासाठी केला, नव्या ठिकाणी वापरला नाही, तुमच्या माणसासमोर काढून टाकायला तयार आहोत. पुढे त्यांचा एक माणूस वकीलबाईंच्या ऑफिसात आला, त्याच्यासमोर मेल काढला, तसं लिहून दिलं, पंचवीस लाखांचं नाव परत कुणी काढलं नाही. सगळ्यांचं इतक्यावर भागेल असं नाही, पण दडवण्यापेक्षा हा रस्ता बरा.

उत्तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत द्या, गप्प बसलात तर दुसऱ्या बाजूला बोलायला मोकळीक मिळते. जुन्या बॉसला रागाने फोन नको, ग्रुपवर कंपनीबद्दल काही टाकू नका, आणि जुन्या गिऱ्हाइकांना स्वतःहून मेसेज तर अजिबात नको, तिथे कोर्टं एकसारखी बोलत नाहीत. लेटरमध्ये "फक्त मुंबईच्या कोर्टात" असं असेल तर तेही वाचा, एचडीएफसी बँकेच्या केसमध्ये एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने असलं कलम मान्य केलंय, पाटण्याचा माणूस असला तरी मुंबईलाच या म्हणून.

पैशांचं वेगळं धरा. नोटीस आली म्हणून पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी कुणी दाबून ठेवू शकत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झालीय, तिच्यात सोडून गेलेल्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी तीस दिवसांत. पीएफमध्ये एक्झिट डेट टाकत नसतील तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः यूएएनवरून (तुमच्या पीएफ नंबरच्या ऑनलाइन खात्यावरून) टाकू शकता. रिलीव्हिंग लेटर अडवलं तर मेलवरच मागा, तोंडी नको, मग कामगार आयुक्तांच्या ऑफिसात लेखी तक्रार. आणि ओरिजिनल डिग्री कुठल्याच कंपनीकडे ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या.

एक राहिलंच, कॅव्हेट. कंपनी कोर्टात जाऊन तुम्हाला न ऐकताच स्टे आणेल अशी शंका असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १४८अ खाली कॅव्हेट टाकून ठेवता येतं, मग कोर्ट आधी तुम्हाला कळवतं. खर्च फार नसतो, आणि झोप लागते. फक्त ते ९० दिवसांनी संपतं, परत टाकावं लागतं. भाऊ तारीख विसरला होता, मावशीने मात्र स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवली होती, गॅस सिलिंडर लावल्याच्या तारखेखाली, "कॅवेट" म्हणून.