गाडी कार्बोरेटरमधून शिंकते तेव्हा

आधी कान लावा. सायलेन्सरमधला फटका मोकळा आणि मोठा असतो, बहुतेकदा चालत्या गाडीचा एक्सलेटर सोडल्यावर येतो. कार्बोरेटरमधला (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातला) मात्र शिंकेसारखा: एक्सलेटर पिळला की ‘फट्’, आणि इंजिन दम सोडतं. आपण दोन्हींना बॅकफायर म्हणतो, पण त्यांचं मूळ वेगळं असू शकतं. इथे मी शिंकेबद्दल लिहितेय.

वडिलांच्या जुन्या, पॉइंटवाल्या (उघडून ठिणगी पाडणारे संपर्क असलेल्या) मोटरसायकलला हा त्रास सुरू झाला तेव्हा मी थेट टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ, पुढे घेतलं, म्हणजे ठिणगी लवकर पाडली. किक उलटी बसली, पाय दोन दिवस दुखला आणि शिंक तशीच राहिली. दोष निघाला कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रबरी मॅनिफोल्डला गेलेल्या केसाएवढ्या चिरेत. तेव्हापासून टायमिंगला मी शेवटी हात लावते.

पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की मिश्रण सावकाश जळतं. इनटेक व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी झडप) उघडतो तेव्हाही आत आग शिल्लक असते, ती उलटी कार्बोरेटरकडे येते. म्हणून शिंकताना चोक थोडा ओढून बघा. शिंक थांबली तर पेट्रोल कमी पडतंय हे जवळपास नक्की. प्लगचं टोक पांढरं पडलं असेल तर आणखी खात्री. एअर फिल्टर काढून, तोंड कार्बोरेटरसमोर नेऊन बघायचा मोह मात्र टाळा. तिथून खरोखर ज्वाळ येते.

मग मॅनिफोल्ड काढून, हाताने वाकवून उजेडात चिरा शोधा. नुसतं वरून बघून मला ती दिसली नव्हती. तो ठीक असेल तर पायलट जेट, म्हणजे कमी वेगात पेट्रोल पुरवणारी बारीक भोकाची नळी, काढा. त्याच्या भोकातून उजेड आरपार दिसायला हवा. क्लीनर आणि हवेने साफ करा, तार घालू नका, भोक मोठं होतं.

मिक्श्चर स्क्रू (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) हलक्या हाताने पूर्ण आत बसवा आणि दीड फेरा बाहेर घ्या. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो धरा. इंजिन चांगलं गरम झाल्यावर पाव-पाव फेरा फिरवत, रनिंग सर्वांत चढं आणि सलग होईल तिथे थांबा. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर बहुधा तो पेट्रोलचा, बाहेर घेतला की पेट्रोल वाढतं. फिल्टरच्या बाजूचा असेल तर हवेचा, तो उलटा चालतो. इथे गल्लत झाली की दिवस जातो.

एवढं करूनही शिंक राहिली तरच टायमिंग. आधी पॉइंटचा गॅप, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं. बऱ्याच जुन्या गाड्यांना 0.35 ते 0.40 मिमी चालतो. बॅटरी-कॉइलच्या गाडीत पॉइंटची वायर आणि अर्थ यांमध्ये छोटा बल्ब लावा, इग्निशन चालू ठेवा, इंजिन हाताने सरळ दिशेने फिरवा. मॅग्नेटवरची ‘एफ’ खूण (ठिणगीची जागा) इंजिनवरच्या निशाणीसमोर येते त्याच क्षणी बल्ब लागायला हवा. पॉइंट बसवलेली प्लेट कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या भागाच्या) फिरण्याच्या उलट सरकवली की टायमिंग पुढे, त्याच दिशेने सरकवली की मागे. केसभरच सरकवा आणि पुन्हा तपासा.

सीडीआयच्या (इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या) गाडीत पॉइंट नसतात. तिथे मॅग्नेट जागेवर धरणारी छोटी चावी तुटून मॅग्नेट सरकलाय का, ते बघा.

तरीही शिंकत असेल तर थंड इंजिनवर इनटेकचा टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातली फट) तपासा. फार घट्ट असेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही.