फोनवरची मुलाखत: आदल्या दिवशी काय कराल

मुलाखतीच्याच वेळेला आदल्या दिवशी मित्राला फोन लावून घरात रेंज कुठे पूर्ण येते ते बघा. स्पीकरवर बोलू नका, खोलीत आवाज घुमतो. वायरचा इयरफोन बरा; ब्लूटूथची बॅटरी ऐनवेळी दगा देते. अनोळखी नंबर अडवणारं ॲप आणि कॉल वेटिंग, दोन्ही बंद करा. कुकर अर्धा तास उशिरा लावायला घरी सांगून ठेवा.

टेबलावर बायोडेटाची छापील प्रत, जाहिरात, पेन, पाणी. ‘स्वतःबद्दल सांगा’ याचं उत्तर दीड मिनिटात बसवा: शिक्षण एका वाक्यात, बाकी सगळं कामाबद्दल. पूर्ण उत्तर लिहून वाचलंत तर लगेच कळतं, सूर सपाट होतो. कागदावर पाच-सहा शब्दच ठेवा. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका आणि ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ किती वेळा येतं ते मोजा.

प्रश्न संपला की एक श्वास थांबा. आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो, म्हणून घाई केली की दोघं एकदम बोलतात. पगाराचा आकडा सांगताना तो सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) की हातात येणारा, हेही सांगा. कॉल तुटलाच तर दोन मिनिटं वाट पाहून स्वतः लावा.