जुना डेस्कटॉप व्हीआरसाठी तयार करताय? कार्ड आणण्याआधी या चुका टाळा

उन्हाळ्याची नाहीतर दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या दारात एखादा तरी पोरगा कॅबिनेट काखेत मारून उभा असतो. "काका, व्हीआरचा (डोळ्यांवर चढवून गेममध्येच शिरायचा) हेडसेट आणलाय, कार्डपण टाकलंय, पण काही केल्या चालेना." मी दुकानदार नाही. नोकरी दुसरीच आहे. संध्याकाळी लोकांचे कॉम्प्युटर उघडून बसायची खोड आहे, एवढंच. पण जुळे सोलापूरपासून अक्कलकोट रोडपर्यंतचे जेवढे डबे आजवर उघडले, त्यांत नवी चूक क्वचितच सापडली. त्याच त्या चुका. म्हणून एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या पोराला हे वाचायला देता येईल.

माझं म्हणणं एकच आहे. जुन्या डेस्कटॉपसाठी ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र तयार करणारं कार्ड, ही सगळ्यात शेवटी विकत घ्यायची वस्तू आहे. सगळेजण ती सगळ्यात आधी घेतात.

साध्या मॉनिटरवर गेम क्षणभर अडकला तर माणूस एक शिवी हासडतो आणि खेळत राहतो. डोळ्यांवर हेडसेट असताना अडकला तर पोटात ढवळून येतं. ९० हर्ट्झच्या हेडसेटला दर ११ मिलिसेकंदांनी नवं चित्र लागतं, तेही दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळं. कॉम्प्युटरला उसंत अशी मिळतच नाही. त्यामुळे यंत्रातलं कच्चं कुठे आहे, ते व्हीआर पहिल्या अर्ध्या तासात उघडं पाडतं. आणि आपल्याकडच्या असेंबल्ड पीसीत ते कच्चं बहुतेक वेळा एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यात, असतं.

कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस

अक्कलकोट रोडला एका ओळखीच्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. मागांच्या शेडला लागूनच ऑफिसची खोली, तिथे एक जुना कॉम्प्युटर. चौथ्या पिढीचा आय-५, एच-८१ चा मदरबोर्ड, कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस. दिवसा त्यावर टॅलीत बिलं व्हायची, रात्री मुलगा गेम खेळायचा. मुलाने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आरएक्स ५८० कार्ड घेतलं आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेसने उशाशी ठेवून आणलं. कार्डाला आठ पिनांची वायर लागते. याच्या एसएमपीएसला ती वायरच नव्हती. मग कोणीतरी कन्व्हर्टर दिला: दोन मोलेक्स पिना (जुन्या हार्ड डिस्कना वीज देणाऱ्या) एकीकडे, आठ पिनांचं टोक दुसरीकडे. दीडशे रुपयांत काम झालं म्हणून पोरगं खूश.

दोन दिवस मॉनिटरवर गेम चालला. तिसऱ्या रात्री हेडसेट जोडला. वीसेक मिनिटांनी सगळं काळं झालं आणि मला फोन आला, "काका, कायतरी जळाल्यागत वास यायलाय." मी म्हटलं, आधी बटण बंद कर, फोन नंतर. सकाळी जाऊन पाहिलं तर कन्व्हर्टरचं प्लॅस्टिक पिवळं पडून पिनेला चिकटलेलं. दोन्ही मोलेक्स पिना एकाच वायरवरच्या होत्या, म्हणजे दोन तोंडं असली तरी घसा एकच. कार्ड वाचलं. पण हार्ड डिस्कही त्याच एसएमपीएसवर, ती मात्र गेली. टॅलीचा शेवटचा बॅकअप दिवाळीतला होता आणि तेव्हा मार्च संपत आला होता. मुलाच्या वडिलांनी मला चहा दिला. मुलाकडे मात्र पाहिलंही नाही.

आता हिशेब बघा. त्या एसएमपीएसवर ठळक अक्षरांत ४५० वॅट छापलेलं होतं. तो आकडा वाचायचाच नाही. बाजूच्या स्टिकरवर +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघायचं आणि बाराने गुणायचं. इथे १६ अँपिअर होते, म्हणजे १९२ वॅट. एकटं कार्डच १८५ वॅटपर्यंत खातं, प्रोसेसर ८४ वॅटचा. बेरीज २६९ होते. ४५० चा आकडा बाकीचे व्होल्टेज मिळवून, आणि बराचसा उदार मनाने, छापलेला असतो. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला ७५ वॅटपर्यंत देतो, आठ पिनांची वायर १५० पर्यंत. उरलेली वीज आकाशातून येत नाही.

माझी सवय अशी: आधी एसएमपीएस हातात घेऊन बघतो. डब्यासारखा हलका लागला तर स्टिकरही वाचत बसत नाही, बाजूला ठेवतो. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवतो याची खूण) लिहिलेला, आठ पिनांची वायर मुळातूनच असलेला ५५० वॅटचा एसएमपीएस घ्यायचा. कार्ड पुढच्या महिन्यात घेतलं तरी चालेल. "तोवर कन्व्हर्टरवर भागवतो" असं म्हणणाऱ्या पोराशी मी वाद घालत नाही. त्याला फक्त बॅकअप घ्यायला सांगतो.

याच विषयाची शेपूट म्हणजे यूपीएस. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच झेपवतो. नवं कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून खेळाच्या ऐन भरात त्याच्या जवळपास पोचतात. वीज गेली की तो एकदा कुईं करतो आणि बसतो. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा मोठा घ्या. आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटात कोंबू नका. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमन बोलवा, मग मला.

ऑफिसातून निघालेला छोटा डबा

कंपन्यांनी काढून टाकलेले सडपातळ डेस्कटॉप स्वस्तात मिळतात. अभ्यासाला उत्तम. व्हीआरसाठी घेऊ नका. त्यांत पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही आणि बऱ्याच मदरबोर्डांना नेहमीची २४ पिनांची वायर लागतच नाही, कंपनीची स्वतःची वेगळीच असते. म्हणजे एसएमपीएस बदलायचा रस्ताही बंद.

कार्डाचा फक्त नंबर बघून घेणं

नवं म्हणजे चांगलं, हा समज काही जात नाही. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड २०२२ चं. स्वस्त, वीज कमी खाणारं. पण त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही. मेटाच्या क्वेस्टसारख्या हेडसेटला चित्र जातं ते व्हिडिओ करूनच, वायरने असो की वायफायने. तो व्हिडिओ करणारा भागच नसेल तर बाकी गुणांचं काय लोणचं घालायचं? शिवाय ते पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्डमधल्या रस्त्याच्या, चारच लेन वापरतं. एच-८१ च्या बोर्डावर स्लॉट जुन्या २.० जातीचा, तिथे चार लेन म्हणजे बोळातून ट्रक. त्यापेक्षा १६ लेन पूर्ण वापरणारं जुनं जीटीएक्स १६६० सुपर बरं: १२५ वॅट, आठ पिनांची एकच वायर. इंटेलची आर्क कार्डं तर इतक्या जुन्या बोर्डांवर लावूच नका. त्यांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि तो या बोर्डांत नसतो.

रॅमची एकच पट्टी

आठ जीबीची एक पट्टी असेल तर तशीच दुसरी टाका. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो. हाफ-लाइफ: ॲलिक्स या व्हीआर गेमला तर किमान १२ जीबी लागते.

वायफाय, आणि माझी स्वतःची फजिती

दुसऱ्यांना शहाणपण शिकवतोय, तर आपलीही एक सांगतो. भाच्यासाठी आमच्याच घरात क्वेस्ट २ जोडला. वायरशिवाय. एसएमपीएस नवा, कार्ड व्यवस्थित, तरी मान वळवली की चित्राचे चौकोन चौकोन पडायचे. ड्रायव्हर काढून परत टाकला. जुना ड्रायव्हर टाकला. विंडोज नव्याने टाकलं. कार्ड काढून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला लावून बघितलं, तिथे उत्तम. आठ दिवस गेले. भाचा रोज विचारायचा, "मामा, झालं का?" आणि बायको काही न विचारता नुसती बघायची.

नवव्या दिवशी सहज नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड पाहिला. १००. कॉम्प्युटर गिगाबिटचा, राउटर गिगाबिटचा, मग हे १०० कुठून आलं? वायर उपसून काढली. इंटरनेट जोडून गेलेल्या पोराने आठ तारांपैकी चारच तारा पिनेत बसवल्या होत्या. १०० मेगाबिटला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. घरचं इंटरनेट मुळात ५० चं, त्यामुळे कधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मी मात्र हेडसेटला दीडशेच्या वेगाने चित्र पाठवायला बसलो होतो. दोन्ही टोकांना नवी पिन मारली, दहा मिनिटांत काम झालं.

म्हणून आता कोणी "माझ्याकडे इंटरनेटचा तीनशे मेगाबिटचा प्लॅन आहे" म्हणालं की मी हात जोडतो. तुमच्या प्लॅनचा इथे काडीचा संबंध नाही. चित्र तुमच्याच घरात, कॉम्प्युटरकडून राउटरकडे आणि राउटरकडून हेडसेटकडे जातं. कॉम्प्युटर ते राउटर वायरच हवी. यूएसबीत खोचायचा वायफायचा तुकडा नको. राउटर खेळायच्याच खोलीत, ५ गिगाहर्ट्झवर. २.४ वर शेजारच्या सगळ्या घरांची गर्दी असते. हॉलमधला राउटर, मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट, अशा घरात सरळ यूएसबी ३ ची चांगली वायर घ्या. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली नको, ती बहुधा यूएसबी २ ची असते.

एका वाक्यात संपणाऱ्या चुका

मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या पोर्टला लावणे. हसू नका, कार्ड टाकल्यावर हे विसरणारे पुष्कळ आहेत.

वायरवाल्या सेकंडहँड हेडसेटला डिस्प्लेपोर्ट लागतो की नाही हे न बघता घेणे. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय करून देणारी स्वस्त पिन उलट्या दिशेने चालत नाही.

विंडोज मिक्स्ड रिॲलिटीचा हेडसेट "फारच स्वस्तात मिळाला" म्हणून घेणे. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत, २०२४ मध्ये, ती सोयच काढून टाकली. म्हणूनच स्वस्तात मिळाला.

विंडोज १० वर निवांत राहणे. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. आय-५ ४५९० हा २०१६ मध्ये ऑक्युलस रिफ्ट या हेडसेटसाठी शिफारस केलेला प्रोसेसर होता. २०१६ मध्ये! आजही साधे गेम तो ओढतो, पण त्याच्यासाठी कार्डावर तीस-चाळीस हजार घालणं मला पटत नाही. तेवढे पैसे असतील तर बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम आधी बदला.

पहिल्याच दिवशी सगळी सेटिंग अल्ट्रावर नेणे. मग ओकारी आली की "व्हीआर मला सोसत नाही" म्हणायचं. सगळं लो वर ठेवा, आठवडाभराने एकेक पायरी चढा. ही सूचना आजवर एकाही पोराने पाळलेली नाही.

तूस आणि ऊन

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांच्या घरातच माग आहेत, त्यांच्या कॉम्प्युटरचा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) उघडला की आत कापसाच्या तुसाची गादी निघते. खरोखरची, नखाने सोलून काढावी अशी. अशा गादीवर नवं कार्ड टाकलं आणि बाहेर मे महिन्याचे ४३ अंश असले, तर ते गरम होऊन आपला वेग आपणच कमी करतं. तुम्हाला वाटतं दुकानदाराने फसवलं. मी महिन्यातून एकदा ब्लोअर मारतो, पंख्याची पाती बोटाने धरून. पाती मोकळी सोडली तर हवेच्या जोराने भिरभिरतात आणि बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची पेस्ट वर्षाने बदलतो. कॅबिनेट जमिनीवर ठेवत नाही, पाटावर ठेवतो. आणि उन्हाळ्यात दुपारी खेळायचं नाही, हा आमच्या घरचा नियम आहे.

खोली

पंखा! कॉम्प्युटरवर इतका खर्च करून लोक छताकडे बघत नाहीत. सोलापुरात पंखा बंद करून खेळता येत नाही आणि चालू पंख्याखाली हात वर करून खेळता येत नाही. माळा असलेल्या बुटक्या खोलीत तर नाहीच. आम्ही भिंतीवरचा पंखा लावला आणि छतावरचा त्या वेळेपुरता बंद ठेवतो. तोंडावर वारा एकाच बाजूने येतो, त्यामुळे आपण कुठे तोंड करून उभे आहोत हेही कळतं.

पायांसाठी खोलीच्या मधोमध चादर चार घड्या करून अंथरा. पायाखाली चादर लागतेय तोवर भिंत लांब आहे. फरशी लागली की थांबायचं. फरशीवर ती सरकते, म्हणून चारही कोपरे टेपने चिकटवा. आणि जुनी चादर घ्या. माझ्या भाच्याने पाहुण्यांसाठी ठेवलेली नवी कोरी सोलापुरी काढली होती. टेपचा चिकटा अजून तिच्यावर आहे.