‘रात्रीचा कॅफे’ रंगवायला बसण्याआधी

तैलरंग नक्कल करून शिकायचे, तर डच चित्रकार व्हॅन गॉगचं ‘रात्रीचा कॅफे’ घ्या. फ्रान्समधल्या आर्ल्स गावात सप्टेंबर १८८८ मध्ये रंगवलेली ही खोली: लाल भिंती, हिरवं छत, पिवळी जमीन, मधोमध बिलियर्डचं टेबल. लाल आणि हिरव्यातून माणसाचे भीषण विकार दाखवायचा प्रयत्न केला, असं त्याने भाऊ थिओला कळवलं होतं. पुढच्या अभिव्यक्तिवादी, म्हणजे दृश्यापेक्षा मनातली भावना रंगवणाऱ्या चित्रकारांनी त्याच्याकडून खूप घेतलं. नक्कल करण्यात कमीपणा मानू नका. १८४४ मध्ये अजिंठ्याच्या कामावर नेमलेल्या रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने तिथली भित्तिचित्रं वर्षानुवर्षं तैलरंगात उतरवली. त्यातल्या बऱ्याच प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनाच्या इमारतीला लागलेल्या आगीत गेल्या. त्याची कबर आपल्या भुसावळात आहे.

मूळ चित्र ७२.४ बाय ९२.१ सेंटिमीटर, म्हणून १६ बाय २० इंचांचा तयार कॅनव्हास प्रमाणात जवळपास चपखल बसतो. येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयातल्या या चित्राची चांगली प्रतिमा मिळवा आणि ए-थ्रीवर दोन प्रिंट काढा, एक रंगीत, एक कृष्णधवल. रंगीत प्रिंटमधला लाल हमखास बदलतो, तेव्हा रंग पडद्यावरूनही ताडून पाहा. मग प्रिंटवर पट्टी ठेवून जमिनीच्या, टेबलाच्या, भिंतींच्या कडा पुढे वाढवा. जमीन चढावासारखी आपल्याकडे उभी राहिलेली दिसेल. ती सरळ करायचा मोह आवरा. चित्रकलेच्या परीक्षांत आपण यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) घोटलेलं असतं, म्हणून हात आपोआप दुरुस्तीला धावतो. पण ती जमीन आडवी झाली की खोलीतली अस्वस्थता गेली, आणि नक्कल करण्यात काही राम उरत नाही.

रंगांच्या ट्यूब मोजक्याच आणा: टायटॅनियम व्हाइट मोठी, लेमन यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियन, क्रिमसन, व्हिरिडियन, अल्ट्रामरीन. ब्रश हॉग हेअरचे, म्हणजे डुकराच्या राठ केसांचे, चपटे दोन आणि बारीक गोल एक, शिवाय रंग मिसळायची सुरी, म्हणजे पॅलेट नाइफ. भिंतीचा लाल, छताचा हिरवा आणि जमिनीचा पिवळा आदल्या दिवशीच मिसळून कागदाच्या तुकड्यांवर शेजारी शेजारी लावून बघा. यात अख्खी संध्याकाळ गेली तरी चालेल, शिकण्याचा मोठा भाग इथेच आहे.

रंगात मिसळायचं तेल मात्र चित्रकारांसाठी शुद्ध केलेलं जवसाचंच हवं. स्वयंपाकघरातलं शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, रंग कायम चिकट राहतो.

आता जागा. धाब्याच्या घरात वरून माती झडते, म्हणून ईझलच्या, म्हणजे चित्र टेकवायच्या घोडीच्या वर जुनी चादर ताणून बांधा. दिवाळीनंतर अनेक घरांत भाव वाढेपर्यंत कापूस भरून ठेवलेला असतो. त्या खोलीत चित्र मुळीच नको. रुईचे तंतू ओल्या रंगाला चिकटतात, पण खरी काळजी आगीची आहे. रंग पातळ करायचं टर्पेंटाइन लगेच पेट घेतं. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा तर वाळताना आतून तापतो आणि कधी कधी आपोआप पेटतो. त्यामुळे चिंध्या अंगणात, उन्हापासून दूर दोरीवर एकेक सुट्या वाळत घाला, नाहीतर पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, आणि लहान मुलांच्या हाती टर्पेंटाइनची बाटली लागू देऊ नका.

वेळ हिवाळ्याची उत्तम. मे महिन्यातच बसायचं असेल तर पहाटे बसा. दारं-खिडक्या उघड्या असाव्यात, म्हणजे टर्पेंटाइनचा वास कोंडत नाही, आणि ऊन चढून धुळीचा वारा सुटायच्या आत काम आटोपतं. रोज एकाच उजेडात रंगवा. काम थांबवलं की चित्राचं तोंड भिंतीकडे करून ते तिरकं टेकवून ठेवा. खालचे थर टर्पेंटाइन घालून पातळ, वरचे तेलकट; दिव्यांभोवतीचा जाड रंग सर्वांत शेवटी. असे जाड थर वाळायला कित्येक आठवडे लागतात, तेव्हा चित्रावर शेवटी लावायच्या व्हार्निशची बाटली सहा महिन्यांनंतरच आणा.