मध्यमवयातील चिंता हाताळताना

चाळिशी-पन्नाशीत चिंता क्वचितच एकटी येते. आई-वडिलांची आजारपणे, मुलांचे शिक्षण, नोकरीतील अस्थैर्य आणि स्वतःचे बदलणारे शरीर यांचा भार एकाच काळात पडतो, आणि ‘या वयात एवढे चालायचेच’ असे म्हणत माणसे ती अंगावर काढतात. ही सवय घातक आहे, कारण चिंतेसारखी दिसणारी काही शारीरिक दुखणी याच वयात डोके वर काढतात.

म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. थायरॉईड ग्रंथी अतिसक्रिय झाल्यास धडधड, हातांना कंप, घाम आणि झोपमोड होते. रक्तक्षयातही धडधड जाणवते. रजोनिवृत्तीच्या आधीच्या वर्षांत संप्रेरकांच्या चढउतारामुळे अनेक स्त्रियांना पूर्वी कधी न अनुभवलेली बेचैनी येते. छातीत दाब किंवा वेदना, ती हाताकडे वा जबड्याकडे सरकणे, धाप लागणे असे झाल्यास मात्र ‘टेन्शन असेल’ असा निष्कर्ष घरी बसून काढू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

शारीरिक कारण सापडले नाही, तर काळजीला दिवसातील ठरावीक वेळ द्यावी. झोपेच्या बऱ्याच आधीची 20 ते 30 मिनिटे त्यासाठी राखावीत आणि एरवी मनात येणारी प्रत्येक काळजी एका ओळीत टिपून त्या वेळेपर्यंत बाजूला ठेवावी. मग वही उघडून प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न विचारावा: यावर मला या आठवड्यात काही करता येईल का? ‘वडिलांच्या शस्त्रक्रियेचा खर्च कसा भागेल’ या ओळीतून विम्याची कागदपत्रे तपासणे, भावंडांशी बोलणे अशी कामे निघतात. ‘मलाही तोच आजार झाला तर’ या ओळीतून नियमित तपासणीपलीकडे काही निघत नाही, तेव्हा ती तशीच सोडून पुढे जावे. सुरुवातीला मन ऐकत नाही, पण नेम मोडू नये.

टाळाटाळीकडे विशेष लक्ष द्यावे. अहवाल न उघडल्याने किंवा अवघड फोन पुढे ढकलल्याने क्षणभर सुटल्यासारखे वाटते, परंतु त्याच सुटकेमुळे भीती पक्की होते. टाळलेले काम लहान भागांत तोडून सर्वांत सोप्या भागापासून सुरुवात करावी.

शरीराची साथही हवी. आठवड्याला किमान 150 मिनिटे झपझप चालावे. कॅफीनचा निम्मा अंश साधारण पाच तासांनंतरही रक्तात असतो, म्हणून दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. मद्याने झोप लागल्यासारखी वाटते, पण ती तुटक होते आणि नशा उतरताना बेचैनी वाढते.

बहुतेक दिवस काळजी आवरत नसेल, कामावर किंवा नात्यांवर परिणाम होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. जगणे नकोसे वाटू लागल्यास क्षणाचाही विलंब करू नये. विचार व वर्तन बदलण्याच्या उपचारपद्धतीचा चिंतेवर चांगला उपयोग होतो. चिंतेवर दीर्घकाळ दिल्या जाणाऱ्या औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात, त्यामुळे ती स्वतःहून बंद करू नयेत, आणि झोपेच्या गोळ्या दुसऱ्याच्या सल्ल्याने घेऊ नयेत, कारण त्यांतील काहींची सवय लागते. भेटीला जाताना गेल्या दोन आठवड्यांतील झोप, धडधड, चालू औषधे आणि टाळलेली कामे कागदावर लिहून न्यावीत. डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमके महत्त्वाचे तेच सांगायचे राहून जाते.